मालक हजर पाहिजे

"मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जाईल. तो सांगा."

"मालक वारले आहेत. मृत्यूचा दाखला अर्जासोबत जोडला आहे. सहपत्र क्रमांक दोन."

खिडकीमागच्या बाबूने सहपत्र क्रमांक दोनकडे पाहिले नाही. समोरच्या पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "ते ठीक हाय. पण मोबाइल तर घरीच असन ना?"

बत्तीस वर्षे मी दिवाणी न्यायालयाच्या कार्यालयात नोकरी केली. शपथेवर खोटे बोलणारे पक्षकार पाहिले, गहाळ झालेल्या फायली गहाळ करणाऱ्याच्याच टेबलाखाली सापडलेल्या पाहिल्या. परंतु मयत इसमाने आपली संमती सहा आकड्यांत कळवावी, अशी अपेक्षा बाळगणारा शासकीय कर्मचारी मला वयाच्या बहात्तराव्या वर्षी प्रथमच भेटला. ही मागणी कोणत्या नियमाखाली आहे ते मला लेखी द्या, असे मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, "काका, मागं लाइन हाय." त्याच्या डोक्यावर काचेला एक छापील कागद चिकटवला होता : मालक हजर पाहिजे.

हे परिवहन कार्यालय कोणत्या गावचे, ते मी येथे लिहिणार नाही. ते अमरावतीचे नाही आणि अकोल्याचेही नाही, एवढे पुरे. नावानिशी तक्रार जेथे करायची तेथे केलेली आहे आणि तिच्यावरचे अपील प्रलंबित आहे. प्रलंबित प्रकरणाविषयी बाहेर वाच्यता करू नये, हे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो आहे.

प्रश्न एका मोटारसायकलचा होता. पस्तीस वर्षांची, काळी, दोन स्ट्रोकची. तिच्या नोंदणीची मुदत डिसेंबरअखेर संपत होती. त्यापूर्वी ती माझ्या नावावर झाली नाही तर तिचे नूतनीकरण होणार नव्हते, आणि नूतनीकरण न झालेल्या गाडीला एकच रस्ता उरतो, तो भंगारवाल्याच्या गॅस कटरकडे जातो. एकोणतीस वर्षे मी ती चालवत होतो. निवृत्तीनंतर तर रोज सकाळी, अमरावतीहून भातकुलीच्या रस्त्यावरच्या माझ्या चार एकरांपर्यंत आणि परत. टाकीच्या दोन्ही अंगांचा रंग माझ्या गुडघ्यांनी घासून गेला होता. तरी कायद्याच्या दृष्टीने ती माझी नव्हती. एक दिवसही नव्हती.

ती माझ्या मित्राची होती. मित्र अकोल्याचा, लेथवर काम करणारा मिस्त्री. तरुणपणी काही वर्षे तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होता आणि ही गाडी त्याने तेथेच नवी घेतली, म्हणून नोंदणी तेथली. पुढे त्याने अकोल्यात स्वतःचे दुकान टाकले. त्या काळी माझी बदली अकोल्याला होती. आमच्या कार्यालयातल्या टंकलेखन यंत्राचा एक दात तुटला, कंपनीकडून सुटा भाग येईना, आणि मिस्त्रीने तो दुपारच्या सुट्टीत घडवून दिला. त्यातून जी ओळख झाली ती टिकली. तो मला वकील म्हणायचा. मी वकील नाही, लिपिक आहे, हे मी त्याला अनेकदा सांगितले. तो म्हणायचा, "लिपिक चूप बसते. तू कधी चूप बसला का?"

गाडीचा सौदा त्याच्या दुकानात, लेथ चालू असताना झाला. हस्तांतरणाच्या दोन्ही फॉर्मवर त्याने विकणाऱ्याच्या जागी सही केली आणि तारखेची जागा कोरी ठेवली. आमच्या वऱ्हाडात ही सर्रास चालत आलेली रीत आहे. गाडी ताब्यात, किल्ली खिशात आणि सही केलेला कोरा फॉर्म घडी घालून फायलीत. नाव लावायचे ते सवडीने, म्हणजे कधीच नाही. एकेक गाडी चार-चार हातांतून जाते आणि कागदावर पहिलाच मालक बसून असतो. अशा गाड्यांच्या अपघातांचे दावे माझ्या टेबलावरून गेले होते. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा, कलम पन्नास, हे सारे मला तोंडपाठ होते. तरी तो अर्ज मी दाखल केला नाही.

त्या दिवशी मी फॉर्मवर तारीख टाकण्याचा आग्रह धरला तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, "वकील, माह्या सहीवर भरोसा नाई का तुले? कागद घरी ठेव, गाडी रस्त्यावर ठेव." मी कागद घरी ठेवला. पुढे त्यातच सोय होऊन बसली. पंधरा वर्षांची पहिली मुदत संपली तेव्हा मालक म्हणून तोच रांगेत उभा राहिला, आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी हाच शिरस्ता झाला. तो अकोल्याहून एसटीने यायचा, मी अमरावतीहून गाडी घेऊन जायचो. तो खिडकीशी उभा राहायचा आणि मी फाटकाबाहेर फाईल धरून. चार वेळा हे झाले. चौथ्या वेळी तपासणी आटोपल्यावर चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "पुढच्या टायमाले मी असन का नसन. नावावर करून घे आता." मी म्हणालो, "पाहू." कोर्टात पक्षकारांना 'पाहू' म्हणणाऱ्या कनिष्ठांना मी लेखी समज दिलेली आहे.

तो मार्चमध्ये गेला. त्याच आठवड्यात माझ्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. त्याच्या मुलाचा अकोल्याहून फोन आला तेव्हा डोळ्यावर पट्टी होती आणि प्रवास मना होता. पट्टी दहा दिवसांनी निघाली. त्यानंतरही मी अकोल्याला गेलो नाही, याला कोणतेही वैद्यकीय कारण नाही.

मे महिन्यात मी त्या परिवहन कार्यालयात गेलो आणि ओटीपीचा तो संवाद झाला. बाहेर कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये, मागचे दार उघडून, लॅपटॉप आणि प्रिंटर मांडून एक एजंट बसला होता. खिडकीवर जे होत नाही ते व्हॅनमध्ये होते, हे त्या आवारातले लहान पोरही जाणते. मी त्याच्याकडे केवळ चौकशीसाठी गेलो. त्याने माझ्या फायलीतला सही केलेला फॉर्म पाहिला आणि त्याचे डोळे चमकले.

"काका, सही असली हाय?"

"माझ्यासमोर केलेली आहे."

"मंग झालंच ना! जानेवारीची तारीख टाकून देतो. तवा तर माणूस जिवंत होता."

"जानेवारीत त्याने सही केलेली नाही."

"अहो, पण सही त्याचीच हाय ना! इथं लोकं मेलेल्याच्या नकली सह्या करून राहिले. तुमच्याजवळ असली हाय अन् तुमी रडून राहिले."

खोटा दस्तऐवज तयार करणे आणि तो खरा म्हणून वापरणे हे दोन स्वतंत्र गुन्हे आहेत, असे मी त्याला समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"काका, तुमी पोलिसात होते का?"

"न्यायालयात."

"मंग बसा न्याय घेऊन," असे म्हणून त्याने पुढच्या माणसाकडे हात केला.

तिसऱ्या खेपेला वरच्या मजल्यावरच्या अधिकाऱ्याने मला दोन मिनिटे दिली आणि त्या दोन मिनिटांत तो बरोबर बोलला, हे मान्य करणे भाग आहे. मालक मयत असल्यास वाहन आधी वारसाच्या नावावर चढते, मग वारस ते विकू शकतो. म्हणजे मिस्त्रीच्या पत्नीने अर्ज करायचा, मुलाने आणि लग्न झालेल्या मुलीने हरकत नसल्याचे शपथपत्र द्यायचे, गाडी तिची व्हायची, आणि नंतर तिच्या सहीने माझी. नियम स्पष्ट होता. तो खिडकीवरच्या बाबूला माहीत नव्हता, किंवा माहीत असून त्याने सांगितला नाही. यांपैकी कोणते अधिक गंभीर, हा मुद्दा मी अपिलात घेतला आहे.

घरी येऊन मी टेबलाशी बसलो आणि मिस्त्रीच्या पत्नीला पत्र लिहिले. पोचपावतीसह, नोंदणीकृत टपालाने. विषय, संदर्भ, परिच्छेदांना क्रमांक. आपल्या दिवंगत पतींनी त्यांच्या हयातीत सदर वाहनाचे हस्तांतरण पूर्ण न केल्यामुळे अर्जदारास होत असलेला त्रास लक्षात घेता, आपण पंधरा दिवसांच्या आत वारसनोंदीचा अर्ज करावा, अन्यथा पुढील कायदेशीर कारवाई करणे भाग पडेल. शेवटचे वाक्य लिहिताना मी विचार केलेला नव्हता. ते हाताला लागलेले वाक्य आहे, बत्तीस वर्षांत हजारो कागदांच्या तळाशी मी ते लिहिले होते. मसुदा वाचून पाहिला तेव्हा मला त्यात एकही दोष आढळला नाही.

पोचपावती आली. उत्तर आले नाही. सतराव्या दिवशी मी स्मरणपत्र पाठवले. त्यानंतर मुलाचा फोन आला.

"काका, तुमी अम्मीवर केस करून राहिले का?"

"केस नाही. ती सूचना आहे."

"पोस्टमननं अख्ख्या मोहल्ल्यासमोर सही घेतली. दोन्ही टायमाले. अम्मी इद्दतीत हाय, चार महिने दहा दिवस घराबाहेर पाय ठेवत नाई, तुमाले काय हे माहीत नाई? इतकी वर्स आमच्यात ऊठबस हाय तुमची."

"नियमाप्रमाणे वारसाने तीन महिन्यांत..."

"अब्बा तुमाले वकील म्हणत," तो मध्येच म्हणाला. "आमाले वाटे मजाक हाय."

फोन बंद झाला. मला संताप आला, आणि तो खरा होता, हे मी नोंदवून ठेवतो. कायदा मी केलेला नव्हता. तीन महिन्यांची मुदत मी ठरवलेली नव्हती. परंतु इद्दत मला माहीत होती. मिस्त्रीची आई त्याच्या वडिलांमागे त्या घरात तशीच बसली होती, तेव्हा मी रोज संध्याकाळी दुकानाच्या फळीवर त्याच्यापाशी बसायला जात होतो.

इद्दत संपेपर्यंत थांबलो. ऑगस्टमध्ये बडनेऱ्याहून रेल्वे पकडून अकोल्याला गेलो. स्टेशनवरून ऑटो केला. दुकानाचे शटर खाली होते, त्याच्या कडेने घरात जाणारा बोळ तोच. मुलाने दार उघडले, "या" म्हटले. मिस्त्रीच्या पत्नी, भाभी, आतून आल्या. मी उभा राहिलो. त्यांनी खुर्चीकडे हात केला.

"बसा, भाईसाब. डोळा कसा हाय?"

"बरा आहे."

"मिट्टीले आले नाई तुमी. चाळिसाव्याले आले नाई. पोरगा म्हणे, त्यायच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय. मी म्हटलं, डोळा बरा झाला का येतीन. डोळा बरा झाला, अन् तुमचा कागद आला."

मी वारसनोंदीचा नियम सांगू लागलो. त्यांनी मुलाला खूण केली. त्याने आतून दोन्ही लिफाफे आणून टेबलावर ठेवले.

"हे वाचून दाखवा मले. पोरानं वाचलं, पण पोराले समजलं नाई. तुमी लिहिलं, तुमीच वाचा."

भरल्या कोर्टात मी कागद वाचून दाखवले आहेत, कधी अडखळलो नाही. ते पत्र मी विषयापासून वाचायला सुरुवात केली. दिवंगत पतींनी हस्तांतरण पूर्ण न केल्यामुळे, या ठिकाणी भाभींनी हात वर केला.

"त्याईनं पूर्ण नाई केलं म्हणता. मंग पाच-पाच वर्साले तथी रांगेत कोण उभं राहे? गुडघे दुखत त्याईचे. घरी आले का मी तेल लावून देवो. म्हटलं, कायले जाता, गाडी तं इकली तुमी. म्हणे, वकिलाचं काम हाय."

याला उत्तर होते, परंतु ते माझ्याविरुद्ध जाणारे होते. मी उरलेले पत्र शेवटच्या वाक्यासकट वाचले. त्यांनी ऐकले, मग म्हणाल्या, "त्याईच्या सहीचा कागद हाय म्हणे तुमच्याजवळ. दाखवा."

मी प्लास्टिकच्या फोल्डरमधून दोन्ही फॉर्म काढले. मिस्त्री मराठी शाळेत शिकलेला, सही बाळबोध करायचा. मोठी अक्षरे, आणि खाली पट्टीने ओढावी तशी सरळ रेघ. भाभींनी कागद उजेडाकडे धरला.

"असीच करत. ते रेघ ओढल्याबिगर त्याईची सही होत नसे. शेवटी शेवटी हात कापे. बँकेवाला म्हणे, सही जुळत नाई." त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला नाही. "हे कागद मले द्या, भाईसाब. अन् तुमचे तुमी न्या."

त्या सौद्याचा दुसरा पुरावा जगात नव्हता. साक्षीदार नाही, पावती नाही. मूळ दस्तऐवज हातचा सोडायचा नाही, हा धडा मी नव्या लिपिकांना पहिल्या दिवशी देत असे. मी म्हणालो, "कोपऱ्यावरून झेरॉक्स काढून आणतो, मग ठेवा."

"भरोसा नाई का?" भाभी म्हणाल्या.

एकोणतीस वर्षांपूर्वी त्या शटरच्या आत काय बोलणे झाले, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मी फॉर्म देऊन टाकले आणि माझे लिफाफे फोल्डरमध्ये घातले. मग चहा आला. आम्ही गाडीविषयी बोललो नाही. मिस्त्रीच्या शेवटच्या पंधरा दिवसांविषयी त्या सांगत होत्या आणि मी ऐकत होतो. निघालो तेव्हा दिवस मावळायला आला होता.

सप्टेंबरमध्ये भाभी, त्यांचा मुलगा आणि मी, तिघे त्या कार्यालयात गेलो. तोच बाबू. त्याने अर्ज उलटून पाहिला.

"तीन महिने उलटून गेले. विलंबाचं कारण?"

"पतिनिधनानंतरचा धार्मिक प्रतीक्षाकाळ. अर्जाच्या परिच्छेद चारमध्ये सविस्तर लिहिले आहे."

"असा ऑप्शन नाई. आजारपण, परगावी अन् इतर, तीनच येऊन राहिले." त्याने 'इतर' दाबले. मी तेथेच लेखी आक्षेप नोंदवला. त्याची पोच देण्यास त्याने नकार दिला, तो नकार मी लेखी मागितला, आणि तोही त्याने नाकारला.

नंतर अंगठ्याचे यंत्र. भाभींनी अंगठा ठेवला, लाल दिवा लागला. तर्जनी ठेवली, लाल. दुसऱ्या हाताचा अंगठा, लाल.

"आंटी, रेषाच उमटत नाई. हात साबणानं धुऊन या."

"बेटा," भाभी म्हणाल्या, "त्याईचे ऑइलचे कपडे चाळीस वर्स धुतले. आता आखीन काय धुऊ?"

रांगेतली माणसे हसली. मी हसलो नाही. मी काचेवर हात आपटला आणि त्या खिडकीवर जे बोललो ते आजही मागे घ्यायला तयार नाही. मेलेल्या माणसाचा आकडा मागता, जित्या बाईचा हात मान्य करत नाही, मग तुमच्या लेखी मालक म्हणजे कोण, असे मी विचारले. आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला असावा, कारण दोन मिनिटे देणारा तो अधिकारी खाली आला. यंत्र चालत नसेल तर ओळख पटवून सही घेण्याची तरतूद आहे, हे त्याने बाबूला सांगितले. मी त्या तरतुदीचा क्रमांक विचारू लागलो, तेव्हा भाभी माझ्याकडे वळल्या.

"भाईसाब, आवाज कमी करा. अर्ज माहा हाय."

तो त्यांचाच होता. मी मागे जाऊन बाकावर बसलो. मिस्त्री उभा राहायचा त्या जागी त्या उभ्या होत्या आणि एकेका पानावर सावकाश सही करत होत्या.

ऑक्टोबरच्या शेवटी नवे नोंदणीपत्र टपालाने अकोल्याला गेले. मुलाने फोटो पाठवला. मालकाच्या रकान्यात भाभींचे नाव. त्या क्षणापासून मी कोणत्याही कागदाशिवाय दुसऱ्याची गाडी चालवणारा इसम होतो, आणि ती कधी काळी मला विकली गेली होती हे दाखवणारे दोन्ही फॉर्म मालकाच्या कपाटात होते. मी मुलाला फोन केला, विक्रीचे फॉर्म घेऊन येतो म्हणालो. तो आत विचारून आला. "अम्मी म्हणते, थांबा."

आठ दिवसांनी पुन्हा फोन केला. "थांबा म्हणते." नोव्हेंबर संपला. डिसेंबरअखेरच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे, त्याआधी तपासणीची वेळ मिळाली पाहिजे, हे सर्व मी त्याला तारखांसह समजावले. "काका, मले काय सांगता? मालक ते हाय," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात त्याच्या बापाचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

त्या दिवशी मी टेबलाशी बसून भाभींच्या नावे आणखी एक सूचना लिहिली. मसुदा चांगला होता. त्याला मी जावक क्रमांक दिला नाही. तो आजही फायलीत तसाच आहे.

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला तेव्हा मुलाचा स्वतःहून फोन आला. "अम्मीनं बलावलं. गाडी घेऊनच या म्हणे."

याचा कायदेशीर अर्थ मला लगेच कळला. मालकाने ताबा मागितला असता तर मला देण्यावाचून गत्यंतर नव्हते. तरी सकाळी स्वेटरवर कोट चढवला, विक्रीचे कोरे फॉर्म फायलीत घातले आणि निघालो. बहात्तराव्या वर्षी, पस्तीस वर्षांच्या गाडीवर, मूर्तिजापूरमार्गे अकोला. ट्रक अंगावरून गेले. बोरगावपाशी प्लग साफ करावा लागला. हात थंडीने इतके आखडले होते की पाना धरता येईना. एवढे करून किल्ली देऊन एसटीने परत यायचे, हे चित्र मनात धरून मी सबंध रस्ता त्या बाईवर, तिच्या मेलेल्या नवऱ्यावर आणि स्वतःवर चिडत गेलो.

भाभी शटरसमोर उभ्या होत्या. गाडी स्टँडवर लावली. त्यांनी ती पुढून मागून पाहिली, घासलेल्या टाकीवरून हात फिरवला.

"लय घासली तुमी."

"एकोणतीस वर्षे झाली."

"चालू करा बरं."

गरम गाडी, तरी तिसऱ्या किकला सुरू झाली. निळा धूर बोळात शिरला. समोरच्या घरातून एक बाई डोकावली. भाभी थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या, मग त्यांनी हाताने बंद करा अशी खूण केली.

आत गेल्यावर त्यांनी कपाटातून रुमालात गुंडाळलेले नोंदणीपत्र आणले. दोन्ही जुने फॉर्मही त्यातच होते, ते त्यांनी पुन्हा रुमालात ठेवले.

"माह्या नावानं आजवर काईच नोतं, भाईसाब. घर सासऱ्याचं, लेथ त्याईची. हे आलं तं म्हटलं, राहू द्या थोडे दिवस. पोरीले दाखवलं. मोहल्ल्यातल्या बाया म्हणे, आता काय, गाडी शिकता का तुमी!" त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुमाले राग आला असन."

"आला."

"कागद लिहिला असन."

"लिहिला. टाकला नाही."

भाभी हसल्या. मार्चनंतर मी त्यांना हसताना पाहिले ते तेव्हाच. मग त्यांनी चष्मा लावला आणि विकणाऱ्याच्या जागी सही केली, एकेक अक्षर जोडत. त्याखालच्या रकान्यापाशी लेखणी थांबली.

"आज तारीख काय?"

मी सांगितली. त्यांनी ती लिहिली, आणि कागद माझ्याकडे फिरवला.

अर्ज मुदतीत दाखल झाला. तपासणीच्या दिवशी चेसिसचा नंबर पेन्सिलीने कागदावर उतरवून घेणाऱ्या निरीक्षकाला तो वाचता येईना, म्हणून मला दोनदा बोलावण्यात आले. नोंदणीपत्र फेब्रुवारीत आले. त्यावर माझे नाव आहे आणि मालकाचा अनुक्रमांक तीन. पहिला मिस्त्री, दुसऱ्या भाभी, तिसरा मी. त्या कार्यालयाविरुद्धच्या माझ्या तक्रारीत सतरा मुद्दे आहेत आणि मी त्यांतला एकही मागे घेतलेला नाही. या नोंदीविरुद्ध मुद्दा नाही.

पुढचे नूतनीकरण पाच वर्षांनी. खिडकीवरचा तो छापील कागद काढलेला नाही, हे मी फेब्रुवारीत पाहून आलो. माझ्या मुलीला अमरावतीला बोलावून फॉर्म भरले आहेत. घेणार म्हणून तिची सही, देणार म्हणून माझी. दोन्ही सह्यांखाली तारीख घातली आहे, आणि अर्ज दाखल केला आहे.